व्हायोलिन कोण नेणार

५ ऑक्टो. १९८४, मनामा, बहारीन
शुक्रवार. हॉटेलची व्हॅन धुतली. दुपारी इलिंका मॅडमना अदलिया भागात सोडलं. ह्या रुमानियाच्या. आमच्या हॉटेलात रोज जेवणाच्या वेळी व्हायोलिन वाजवतात. पियानोवर त्यांच्याच देशाचा डोरू. तो लीडर, दोघांचे पासपोर्ट त्याच्याकडे.
मॅडम सांगत होत्या, सहा वर्षांच्या असल्यापासून शिकल्या. मग बुखारेस्टला मोठ्या ऑर्केस्ट्रात, पहिल्या रांगेत. तिथे वाजवताना कोणी खोकतसुद्धा नसे. इथे लोक सूप पितात. म्हटलं, मग आलात कशाला? म्हणाल्या, सरकारने पाठवलं. पहिल्या रांगेतल्या माणसाला सूपवाल्यांसमोर कशाला पाठवतात? शिक्षा की बढती? डोकं चालेना.
व्हॅनचा टेप अडकतोय. बघायला हवा.

९ ऑक्टो.
मीना सलमान बंदरात हॉटेलचं सामान आणायला गेलो न् एका ग्रीक बोटीकडे बघत बसलो. दुबई झालं, हेही झालं, आता बोटीवर चिकटावं काय? परत आलो तर मॅनेजर, "यल्ला यल्ला, कुठे मेला होतास?"
मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, पुढच्या आठवड्यात दोघं परत. आज व्हॅनमध्ये एकट्याच होत्या. हळूच म्हणाल्या, "अथेन्सला विमान बदलायचंय. तिथे माझी बहीण असते. मी पुढे जाणार नाही."
म्हटलं, छान, राहा चार दिवस.
"चार दिवस नाही, कायमची. आमचं सरकार असं कोणाला सोडत नाही." मग मांडीवरच्या व्हायोलिनच्या पेटीवर हात ठेवून, "हे सरकारचं आहे. घेऊन राहिले तर मी चोर. परत दिलं तर मी कोण?"


११ ऑक्टो.
घोळ झाला. आपल्याकडे कोणी गावी निघाला की आठवडाभर आधी त्याच्या बॅगेत जागा मागून ठेवायची, ही पद्धतच. मे महिन्यात माझा रूममेट तात्या कुडाळला गेला तेव्हा त्याच्या अर्ध्या बॅगेत आमच्या रूममधल्यांच्याच साड्या न् टॉर्च. मला वाटलं, डोरू बुखारेस्टला जातोच आहे, नेईल व्हायोलिन, मॅडम सुटल्या! व्हॅनमध्येच विचारलं, "मिस्टर डोरू, मॅडमचं व्हायोलिन तुम्ही न्याल ना?"
आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "का? तिला हात नाहीत?"
तेव्हा कुठे कळलं, मी काय बोलून बसलो. 
तात्याला सांगितलं. "मेल्या, तुका कोणी सांगल्यान होता मधे पडाक?"
"मदत म्हणून..."
"कसली मदत! तिचो पासपोर्ट त्येच्या खिशात. आता तो तिका सोडतलो काय?"

१३ ऑक्टो.
मॅडमना सांगून टाकलं. पेटी उचलून आत गेल्या. त्या शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं.
संध्याकाळी वाजवताना दोनदा अडल्या. डोरूने दोन्ही वेळा तोच तुकडा परत वाजवून त्यांना आत घेतलं. सूपवाल्यांना पत्ता नाही. हा चांगला माणूस आहे की नजर ठेवून आहे? दोन्ही असू शकतं का?

१७ ऑक्टो.
एअरपोर्ट. दोघांना घेऊन निघालो. मला पूर्ण रस्ता, व्हॅन परत फिरवावी का, असंच. पण फिरवून न्यायची कुठे?
उतरल्यावर डोरूने खिशातून मॅडमचा पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला आणि व्हायोलिन स्वतः घेतलं. दुसऱ्या हातात त्याची बॅग.
"तुझा तूच सांभाळ. माझे दोन्ही हात अडकलेत."
एरवी दोघं त्यांच्या भाषेत बोलतात. हे इंग्लिशमध्ये का बोलला? मला कळावं म्हणून? की कोणी ऐकावं म्हणून? मॅडम पासपोर्ट घट्ट धरून आत गेल्या. तो मागून.

१९ ऑक्टो.
लाउंजमध्ये फिलिपिनो बँड आला. गिटार. बरे आहेत.
तात्या म्हणतो, "अडाकले असतीत हात, दुसरा काय!" असेलही. आत जाऊन त्याने पासपोर्ट परत मागून घेतला असेल तर?
आणि नसेल घेतला तर. आज व्हॅन पुसताना हे डोक्यात आलं, इतके दिवस आलंच नव्हतं. तो बुखारेस्टला उतरणार, एका हातात बॅग, एका हातात सरकारचं व्हायोलिन. विचारतील, हे आलं, बाई कुठे? तर डोरू काय सांगणार?