उतरलेल्या किमतीचा दाखला

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा दाखला विमा कंपनीच्या साहेबांनी आज मला हसत हसत वाचून दाखवला. मामा, मी काय मागितलं होतं आणि तुम्ही काय लिहून बसलात! म्हणे, गाडी अपघाताआधी होती त्याहून सरस झाली आहे. साहेब म्हणाले, मग वरचे पैसे तुम्हीच आम्हाला द्या.

पुन्हा पहिल्यापासून सांगतो, रागावू नका. मी सिग्नलला उभा असताना मागच्या गाडीवाल्याने ठोकलं. दुरुस्तीचा खर्च त्याच्या विमा कंपनीने दिला. दुरुस्ती तुम्ही केलीत आणि झकास केलीत. पण गाडी विकायला नेली तेव्हा दलालाने चारी बाजूंनी फिरून तिचं कौतुक केलं, मग अपघाताची नोंद पाहिली आणि भाव पाडला. तेवढा फरक कंपनीने भरून द्यावा, एवढंच माझं म्हणणं. दुरुस्त होऊनही किंमत उतरली, असं दुरुस्ती करणाऱ्याने लिहून दिलं तर ते देणार आहेत.

तो फरक मिळाला नाही तर ही गाडी विकून घ्यायची ठरवलेली व्हॅन हातची गेली. आणि व्हॅन नसेल तर दवाखाना आमच्या लाँड्रीला चादरींचं काम देणार नाही. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचे गठ्ठे मावत नाहीत, मी मोजून पाहिलं आहे. व्हॅनवाला महिनाअखेरपर्यंतच थांबेल.

मामींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या, फक्त दाखला बदला.

आपला,
भाचा

९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. चौकट मापात आणली, मागचा पत्रा नवा बसवला, रंग असा जुळवला की भर उन्हात मलाच सांधा सापडेना. आणि आता मी सही करून लिहून देऊ की गाडी कमी प्रतीची झाली? उद्या ते चार लोकांनी वाचलं तर माझ्या गॅरेजात कोण फिरकेल? साहेबाला म्हणावं, भिंग घेऊन ये. दलालाला म्हणावं, डोळे तपासून घे. दुसरं काहीही माग, हे नाही.

कळावे. रागावलो असलो तरी तुझाच,
मामा

१८ मार्च

चि. भाच्यास,
अ. आ.

काल तुझ्या मामेबहिणीसाठी जुनी गाडी बघायला गेलो होतो. ह्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, गाडी ठणठणीत म्हणाले. व्यवहार ठरतच आला होता. तेवढ्यात मालकाने सरळपणे सांगितलं, की दार एकदा ठोकलं गेलं होतं, नीट करून घेतलंय. झालं! ह्यांनी तिथल्या तिथे भाव पाडून मागितला. मालक म्हणाला, कुठे सांधा दिसतो ते दाखवा. ह्यांना काही दाखवता येईना. तरी आपलं, ठोकलेली ती ठोकलेलीच.

मी सगळ्यांसमोर विचारलं, मग आपल्या भाच्याच्या गाडीने काय घोडं मारलंय? पोरगी फिदीफिदी हसायला लागली. घरी आल्यावर हे जेवायच्या आधी कागद घेऊन बसले.

दाखला सोबत आहे. तू काही विचारू नकोस, आणि आभारही मानू नकोस. फार चिडलेत.

तुझी,
मामी

२९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामींनी बजावल्यामुळे आभार मानत नाही.

तुम्ही लिहिलंत, की सांधा कुणी दाखवला तर गॅरेज बंद करीन, पण हीच गाडी मला विकत घ्यायची झाली तर आधीच्या भावाने घेणार नाही. साहेब या वेळी हसले नाहीत. दोनदा वाचलं आणि फरक मंजूर केला.

गाडी दलालाला दिली. त्याने तुमचा पत्ता मागितला. ठोकलेल्या सगळ्या गाड्या तुमच्याकडेच पाठवायच्या म्हणतो, फक्त गाडी ठोकलेली होती हे खरं तुम्ही कुणाला सांगायचं नाही. माझ्या जिभेवर तुमचंच उत्तर आलं होतं, दुसरं काहीही माग, हे नाही. पण तो भाव आणखी पाडेल म्हणून आधी पैसे मोजून घेतले, व्हॅनवाल्याला देऊन आलो, आणि मग परत जाऊन त्याला नाही म्हटलं.

चादरींचं काम उद्यापासून. माया असू द्यावी, आणि रागही, पण बेताने.

आपला,
मोजपट्टी