हिरव्या पेटीला केलेला नमस्कार

क्लॉनरूश, जि. किलकेनी, आयर्लंड
२२ ऑक्टोबर २०१८

ती. बाळूदाजींच्या पायांशी चंद्रहासचा नमस्कार. हा दोन्ही हात जोडून केलेला आहे आणि टेबलाशी बसून केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी हकीकत याच एका गोष्टीवर उभी आहे. शोभनाताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, सुनेत्राने सांगितलेला व्यायाम टीव्ही बघता बघता केला तरी चालतो, पण टीव्ही बघणं हाच व्यायाम समजू नये. तुमच्या शाळेचा पट यंदा साठाच्या खाली गेला नसेल अशी आशा आहे. (हे मी उगाच विचारत नाही.) इकडे आम्ही तिघं खुशाल. सुनेत्राला किलकेनीच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर ड्यूटी, रेवती बारा वर्षांची झाली, आणि मी पोळ्या करतो, पूजा करतो, सुनेत्राला गाडीने सोडतो आणि आणतो.

गाव केवढं आहे, असं तुम्ही मागे विचारलं होतं. गावाला एक रस्ता आहे आणि तोही दुसरीकडे जाणारा. एक चर्च, एक शाळा, दोन पब. त्यातल्या एका पबचा मालकच गावातल्या अंत्ययात्रांचं काम बघतो, त्यामुळे गिऱ्हाईक शेवटपर्यंत त्याच्या हातून सुटत नाही. किलकेनीची बस मंगळवारी आणि शुक्रवारी येते, पाऊस उरलेल्या दिवशीही येतो. एक किराणा दुकान आहे आणि त्याच्या कोपऱ्यात जाळीच्या खिडकीमागे मोरीन फेलन नावाच्या बाई पोस्ट चालवतात. वय पासष्ट, चष्मा दोरीला बांधलेला. दुकानाबाहेर टपालाची पेटी. आपल्याकडे लाल असते, इथे हिरवी. आपल्या पिंपळदरीपेक्षाही लहान गाव, पण विजेचे खांब सरळ उभे आहेत एवढा फरक. (पेटीही सरळ उभी होती, १० सप्टेंबरपर्यंत.)

इथे एक रीत आहे. समोरून गाडी आली की चालवणारा माणूस, ओळख असो नसो, स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. पहिले सहा महिने मला वाटायचं की हे लोक मला वर देव आहे याची आठवण करून देतात, आणि परमुलखात एवढी भाविक माणसं भेटली म्हणून मला भरून यायचं. शेवटी रेवतीने सांगितलं की बाबा, ते नुसतं हॅलो असतं. (हे तिने इंग्रजीत सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून इथल्या गाईगुरांच्या बाजारातलं इंग्रजी निघतं.) मग मीही बोट वर करायला शिकलो. पॅट्सी ब्रेननला मी रोज बोट करतो. तो आमचा शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर, एकटा, त्याच्याकडे अकरा गाई आणि एक ट्रॅक्टर. पण गणपतीच्या आधीच्या सोमवारी सुनेत्राला सोडून परत येत होतो, तर समोरून चर्चचे म्हातारे फादर काठी टेकत चालत आलेले. आता तुम्हीच सांगा, देवाच्या माणसाला एक बोट दाखवायचं? आपल्या देवळातल्या गुरवकाकांना मी असं बोट दाखवलं असतं तर आमच्या वडिलांनी ते बोट जागेवर ठेवलं नसतं. म्हणून मी दोन्ही हात जोडले. आणि हात जोडले की माझे डोळे मिटतात, ही लहानपणापासूनची सवय. गाडीला मात्र कोणी असलं वळण लावलेलं नाही. ती ताशी वीसच्या वेगाने फुटपाथवर चढली आणि हिरव्या पेटीला जाऊन भेटली.

चार मिनिटांत गाव जमलं. पॅट्सी ट्रॅक्टर घेऊन आला, गाडीचा चेपलेला चेहरा बघितला, आडवी झालेली पेटी बघितली आणि म्हणाला, "यू आर ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. इथे चहा ग्रँड असतो, हवा ग्रँड असते, पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो. फादर म्हणाले, इतक्या वर्षांत माझ्यासाठी स्टिअरिंग सोडणारा तू पहिलाच. मला कोणी एक शब्द लावून बोललं नाही आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. आपल्याकडे चूक केली की चार माणसं चार बाजूंनी बोलतात, माणूस मोकळा होतो. इथे कोणी बोलत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

ते किती गंभीर होतं हे पंधरा दिवसांनी रेवतीने शाळेतून आणलं. लहान गावांतली पोस्टं बंद करायचं घाटत होतं आणि आमचं ठेवायचं की नाही, हे ठरवायला नेमकी सप्टेंबर महिनाभर इथून जाणारी-येणारी पत्रं मोजली जात होती. ती पेटी काळ्या प्लास्टिकात बांधलेली बघून लोकांनी आपली पत्रं किलकेनीत नेऊन टाकली. आकडा पडला. मी विचारलं, हे गावात कोणाकोणाला माहीत आहे? रेवती म्हणाली, "एव्हरीवन, बाबा. दे डिडन्ट वॉन्ट टू अपसेट यू."

मी माफी मागायला पोस्टात गेलो. मोरीनबाई वीस मिनिटं हवेबद्दल बोलल्या. मी पेटीचा विषय काढला की त्या ढगांचा काढायच्या. शेवटी "शुअर लुक," एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. याचा अर्थ आता काय करणार, असा होतो, पण आवाजावरून तो बराच खोल असावा. दाजी, पोस्ट बंद झालं तर तिकिटं किलकेनीत मिळतील. पण शुक्रवारी पेन्शन घ्यायला म्हातारी माणसं येतात, ती पैशांसाठी पाच मिनिटं आणि खिडकीशेजारच्या बाकासाठी दोन तास असतात. पॅट्सी आठवड्यातून एकदाच चांगला कोट घालतो, तो शुक्रवारी. अकरापर्यंत तो दिसला नाही तर मोरीनबाई कोणाला तरी त्याच्या दारी पाठवतात. गेल्या हिवाळ्यात तो स्वयंपाकघरात घसरून पडलेला सापडला, तो असाच. हे कळल्यापासून सकाळी अथर्वशीर्ष म्हणताना माझं लक्ष देवापेक्षा पेटीकडे जास्त असतं.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की मोरीनबाईंनी वर लिहिलं आणि खात्याने फेरमोजणी मान्य केली, एक ते तीस नोव्हेंबर. तेव्हा मी पत्रं लिहून द्यायला कोण कोण तयार होतं ते चाचपायला लागलो. पहिलं नमुना पत्र इथेच आयर्लंडात सिटीवेस्टला राहणाऱ्या सुनेत्राच्या मामेभावाला, अभिजितला टाकलं. त्याने पाकिटावर माझं अक्षर बघितलं आणि न उघडताच फोन केला, "भाऊजी, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, तू पत्र लिही. तो म्हणाला, ईमेल केली तर चालेल का?

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दसऱ्याच्या दोन दिवस आधी नवी पेटी बसली. दसऱ्याला आपण गाडीची, यंत्रांची पूजा करतो. गाडीची केली. मग वाटलं, जिला मी पाडलं तिची आधी करायला हवी होती. पेटीला हळदकुंकू लावलं, कुंडीतल्या झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला आणि या वेळी डोळे उघडे ठेवून नमस्कार केला. मन हलकं झालं. दाजी, या देशात रस्त्याच्या कडेला कोणी फुलं वाहिली तर त्याचा अर्थ एकच होतो, तिथे कोणीतरी गेलं. दुपारपर्यंत गावभर झालं की पोस्ट गेलं. संध्याकाळी बायका इथे मर्तिकाच्या घरी नेतात ती त्रिकोणी सँडविचं घेऊन मोरीनबाईंच्या दारात उभ्या. अंत्ययात्रांचं काम बघणारा पबवाला काळा टाय लावून आला. मोरीनबाई सांगताहेत की अजून काही झालेलं नाही, आणि लोक त्यांचा हात दाबून म्हणताहेत, धीराची आहेस. दोन दिवसांत त्यांना सांत्वनाची एकशे अकरा कार्डं आली, सगळी रीतसर तिकीट लावून, त्याच पेटीतून. शनिवारी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं, गठ्ठा दाखवला आणि म्हणाल्या, "ही नोव्हेंबरात आली असती तर पोस्ट वाचलं असतं." मग इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून सुटून दोरीला लोंबायला लागला. नारळ त्यांच्याकडेच आहे. तो फोडायचा असतो हे मी सांगितलेलं नाही, सध्या त्यांनी तो बिलांवर ठेवला आहे.

असो. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चंद्रहास

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. एकशे अकरा कार्डं लिहून गाव दमलं आहे, नोव्हेंबरात कोणी पेन हाती धरेल असं वाटत नाही. तुमच्या सहावी-सातवीच्या अभ्यासात पत्रलेखन असतंच. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांकडून एकेक पत्र लिहून घ्याल का? विषय कोणताही, गाय चालेल. पत्ते वेगळ्या कागदावर दिले आहेत, प्रत्येकी एक म्हातारं माणूस. पॅट्सीला सातवीतलं अक्षर चांगलं असलेलं मूल द्या, त्याला टपालाने विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही. वाचून दाखवायला रेवती जाईल. मराठी वाचायचं म्हटलं तर ती नाक मुरडते, पण पॅट्सीसाठी वाचेन म्हणाली, आणि हे तिने मराठीत सांगितलं.

ता. क. २. हे पत्र टपालाने यायला पंधरा दिवस लागतील, म्हणून याचा आणि पत्त्यांच्या कागदाचा फोटो काढून आजच ताईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवत आहे. तुम्ही आत्ता वाचताय तो फोटोच. खरं पत्र एक नोव्हेंबरला सकाळी पेटीत टाकणार, तोवर देवघरात ठेवलं आहे. आलं की पुन्हा वाचावं लागेल असं नाही.

ता. क. ३. आत्ता दारातून बघितलं. पॅट्सी ट्रॅक्टरवरून चालला होता. मला बघून थांबेल असं वाटलं, पण त्याने दोन्ही हात जोडले आणि माझ्यासारखे डोळेही मिटले. पेटी वाचली, वीतभर अंतर राहिलं. मी धावत जाऊन त्याला म्हटलं, यू आर ग्रँड. मुलांना म्हणावं, पत्राच्या शेवटी नमस्कार लिहायला हरकत नाही, पण तो बसून करावा असं कंसात लिहा.