दात घासून या

३ मार्च १९८६, मुरुड
आज दुसरीच्या वर्गाचे दात बघितले. किडके, पिवळे, तोंडाला वास! उद्यापासून रोज तपासणी. घासून येणार नाही तो वर्गाबाहेर उभा. एकजण म्हणाला, "बाई, प्यायलाच पाणी न्हाई." खरंच आहे, टँकरचा भरवसा नाही. म्हटलं, ब्रश-पेस्ट काही नको, घरात जी पूड असेल ती बोटावर घ्या, घोटभर पाण्यात चूळ होते. उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तेव्हा शाळेकडे कुणी फिरकत नव्हतं. आता लातूर नवा जिल्हा, साहेबही नवे – कधीही येऊन धडकतील.

७ मार्च
नागू सगळ्यांच्या पुढे! सकाळी घासते, मधल्या सुट्टीतही घासते. तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मीच जास्त फुगले.

१४ मार्च
नागू वर्गात ओकली, चक्कर येऊन खाली बसली. परकराच्या नेफ्यातून डबी पडली. उघडली – मिश्री! भाजलेल्या तंबाखूची पूड! "तुमीच म्हणलाव की बाई, घरातली पूड." सात वर्षांची पोर, आणि मी टाळ्या वाजवत होते. डबी काढून घेतली. जेवण गेलं नाही.

१५ मार्च
तिच्या आईकडे गेले. सरजाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून नुकतीच आली होती. मी तावातावानं बोलले – लेकराच्या तोंडात तंबाखू? "आमी समदेच लावताव बाई. दात ठणकत न्हाईत, आन्..." पुढचं मी बोलू दिलं नाही. नागूला पुन्हा मिश्री देणार नाही, अशी लेकीची शपथ घालून वदवून घेतलं. परत येताना बरं वाटत होतं.

१९ मार्च
नागूचं काय बिनसलंय कळत नाही. अभ्यासात लक्ष नाही, सारखी चिडते. आज शेजारच्या मुलीची भाकरी हिसकावली. बाहेर उभं केलं. व्यसन सुटताना असं होत असेल.

२२ मार्च
नागूचे दात स्वच्छ. शाबास म्हटलं. हसली नाही.
"बाई, मिश्री लावली की भूक लागत नव्हती. आता लई लागती."
माझा डबा तिच्यापुढे ठेवला. बाकीच्यांचे दात बघायचे राहिले.