म्हसोबाजवळचा निळा ठिपका

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दहापासून दीडपर्यंत स्वतःच्या शेतात उभा राहून, मी शेतात आहे हे सिद्ध करत होतो. झालं नाही.

पिकाची नोंद आता फोनवरून. रानात उभं राहायचं, ॲप उघडायचं, आपला गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. माणूस खरंच त्या गटात उभा आहे का, ते फोन बघतो. माझा फोन म्हणतो, नाही. 'आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात.' कपाशी कमरेला लागतेय, पायाला माझ्याच रानाचा चिखल, आणि मी दूर. नकाशात कुठं दिसतो म्हणून बघितलं तर स्मशानाच्या वाटेवर. तिथं जायला अजून अवकाश आहे म्हटलं.

१५ सप्टें. शेवटची तारीख. नोंद राहिली तर सात-बाऱ्यावर पीक कोरं. मग गारा पडोत नाहीतर पाणी घुसो, सरकारच्या लेखी माझ्या रानात काही नव्हतंच.

फोन आठ वर्षांचा. लेक मनीषा आठवीत गेली तेव्हा घेतलेला. बोलतो, ऐकू येतं, एकदा चार्ज केला की दिवस काढतो. एवढं करणाऱ्याला जुना कसं म्हणायचं?

बांधावर आपटणारच होतो. मागच्या कव्हरात म्हसोबाच्या अंगाऱ्याची पुडी आहे. म्हणून राहिला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पारावर विचारलं. सगळ्यांचं एकच. "अंकुशकडं जा की. त्येच्याकडं नवा फोन हाय. अख्ख्या गल्लीची नोंद त्यानंच केली, चहाबी घेत न्हाई कुनाचा." एका फोनवरून कितीतरी जणांची करता येते म्हणे.

अंकुश माझा चुलतभाऊ. आमची रानं एकमेकांना लागून, मधे बांध, बांधावर म्हसोबा. दर नांगरटीला तो त्याच्या बाजूनं बांध कोरायचा, नांगराचं एकेक तास इकडं सरकायचा. सहा वर्षांमागं मी त्याच्या ट्रॅक्टरपुढं आडवा उभा राहिलो आणि चारचौघांत त्याला बांधचोर म्हणालो. तेव्हापासून बोलणं नाही. ह्या वहीतही त्याचं नाव लिहिलं नव्हतं. पुढं अं. एवढंच लिहीन.

त्याच्या फोनात माझा गट नंबर घालायचा आणि वर उपकार मानायचे. त्यापेक्षा नवा फोन घेईन.

३० ऑगस्ट, शनिवार

शनिवार, म्हणून आधी म्हसोबाला पाणी घातलं. मन नव्हतं. मग चकलांब्याला शकूरभाईकडं. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता मोबाईल.

त्यानं कव्हर काढलं, पुडी काचेवर पडली. दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. "ये तुमचं सांभाळा गहिनीभाऊ. ह्याच्यावरच चालू हाय फोन."

मग म्हणाला, "फोनचा दम संपला. लोकेशनचा भाग कमजोर झाला, आन् ते ॲप बी नव्या फोनासाठी हाय."

"दुरुस्त करा."

"करून काय फायदा? पुढच्या साली आणखी नवं ॲप येतंय."

मी चिडलो. चांगली चालणारी वस्तू एक दिवस उठून निकामी ठरवायची, हा कुठला न्याय? माणसांनाही असंच करणार का, वगैरे बोललो. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती ऐकत राहिली.

शकूरभाई शांत. "माझ्यावर कावून चिडता? लोकांनी घड्याळ घालायचं सोडलं तवा मी कुनावर चिडलो?"

मी फोन उचलून निघालो. तेव्हा तो म्हणाला, "आठ तारखेपस्नं तुमचा पित्राचा पंधरवडा. मग तुमच्यात नवी चीज कुनी घेत न्हाई. घ्यायचा तर त्याच्या आत सांगा."

म्हणजे पंधरवडा बसायच्या आत निर्णय. मागचा फोन घेताना एवढा विचार केला नव्हता.

२ सप्टें., मंगळवार

मनीषाचा फोन. बीडला नर्सिंग शिकते. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, काकाकडे जा ना. एक फोटो तर काढायचाय."

म्हटलं, नवा घेतोय.

"नोंदीसाठी घेताय का काकाला दाखवायला?"

फोन कट केला. सौ. भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "खरं इचारलं म्हून कट केला व्हय."

घरात दोन बायका आणि दोघींचं माझ्याविरुद्ध एकमत. एक तर घरात नसतानाही.

४ सप्टें., गुरुवार

शेजारच्या लक्ष्मणनं आज एक गोष्ट सांगितली. नव्या फोनमधे गटांच्या रेषा नकाशावर दिसतात. आपण उभे असतो तिथं निळा ठिपका. चालू लागलं की ठिपका चालतो.

म्हणजे बांध कुठं होता आणि अं. कुठवर आला, ते दिसेल. सहा वर्षं मी तोंडानं सांगतोय, आता फोन सांगेल. फोटो काढून पारावर एकेकाच्या हातात देईन.

दुपारीच चकलांबा. शकूरभाईनं एक नवा फोन माझं सिम घालून वापरायला दिला. "रविवारपर्यंत बघा. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर वापस. फक्त ओरखडा नको." पुडी नव्या फोनला बसेना, त्याला कव्हरच नाही. खिशात ठेवली.

येताना मन हलकं होतं. हलकं म्हणजे काय, तलवार हातात आल्यासारखं.

६ सप्टें., शनिवार

लिहू की नको.

शनिवार म्हणून पहाटेच तांब्या घेऊन गेलो. नोंद नंतर, आधी पुरावा, असं ठरवलेलं. म्हसोबाला पाणी घातलं, उदबत्ती लावली. देवाच्या शेजारी उभं राहून फोन उघडला.

ठिपका रेषेच्या पलीकडं. गट १३२. अं.चा.

माझा १३१. वाटलं, फोन चुकला. सगळे फोन मेले खोटारडे. बंद करून चालू केला. तेच. मग आपल्या रानाकडं पावलं मोजत निघालो, एक डोळा ठिपक्यावर. बावीस पावलं. बाविसाव्या पावलाला ठिपका रेषेवर आला. समोर जुनी बाभळ.

म्हणजे अं. इकडं सरकला नाही. आम्हीच त्याच्या रानात बावीस पावलं आत आहोत. म्हसोबाची पट्टी म्हणतो ती, रानातली सगळ्यांत काळी माती, माझी सगळ्यांत उंच कपाशी.

मनीषाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, ही काही सरकारी मोजणी नाही. चार-पाच पावलं इकडंतिकडं होतात." बावीस होत नाहीत. हे ती म्हणाली नाही, मी म्हटलं, मनात.

बाभळीखाली खुरप्यानं उकरलं. वीतभर खाली दगडांचा चौथरा लागला. त्यावर शेंदराचे जुने थर, वाळून खापरासारखे झालेले. परत माती लोटली.

मधल्या रानात जाऊन नोंद तरी करावी म्हटलं. ह्या फोननं लगेच घेतलं, गट बरोबर, फोटो बरोबर. शेवटी एक चौकोन. 'वरील सर्व माहिती सत्य आहे.' त्यावर बोट टेकवायचं फक्त. तशी माहिती सत्यच होती, ते रान माझंच. पण बोट गेलं नाही. रागानं फोन बंद केला. त्यावर ओरखडा नको म्हणून खिशात हळूच ठेवला, त्याचाही राग आला.

७ सप्टें., रविवार

मला आठवत नव्हतं असं नाही. मी आठवलं नव्हतं.

मी तिसरीत होतो. त्या पावसाळ्यात ओढा रानात शिरला, बांध वाहून गेला. देव तेवढा जागेवर राहिला, चिखलात. दिवाळीनंतर तात्या, म्हणजे अं.चे वडील, काकू आणि लहानग्या अं.ला घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेले. ते गेल्यावर आठ दिवसांनी आबांनी, माझ्या वडिलांनी, मला रानात नेलं. देव पोत्यात गुंडाळला. एका बाजूनं त्यांनी धरलं, एका बाजूनं मी. जड होता. मधे दोनदा टेकवला. कशाला नेतोय विचारलं तर म्हणाले, "पुन्यांदा पानी आलं तर देव वाहून जाईल." देव नव्या जागी बसवला. मग त्याला धरून नवा बांध घातला. देव ज्याच्यावर बसलाय तोच बांध, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही.

पाडव्याच्या सुमाराला तात्या परतले. बांधावर आले, बराच वेळ उभे राहिले. आबांना काही विचारलं नाही. मला विचारलं. "गहिन्या, देव कुनी हालवला रं?"

मी म्हटलं, "पान्यानं."

आबांनी तसं सांगायला शिकवलं होतं. तात्यांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि निघून गेले. पुन्हा मरेपर्यंत तो विषय नाही. देवाशी कोण भांडणार?

आणि मी त्यांच्या पोराला चारचौघांत बांधचोर म्हणालो.

८ सप्टें., सोमवार

पंधरवडा लागला. फोन परत दिला. शकूरभाईनं उलटासुलटा करून बघितला. "ओरखडा न्हाई. मग पसंत कावून न्हाई पडला?"

म्हटलं, "पितरं लागली."

"आजच लागली. काल काय झालतं?"

जुना फोन पुढं केला. त्यानं सिम जुन्या फोनमधे घातलं, पुडी मागून घेतली, कव्हरात ठेवली आणि कव्हर दाबून बसवलं. "ह्यो तुमाला लई सांभाळून घेतो भाऊ," म्हणाला. "खोटं का व्हईना, दूर हाय म्हून सांगतो. नवा खरं ते तोंडावर सांगतो."

तो गमतीनं बोलला. रस्ताभर राग गेला नाही.

११ सप्टें., गुरुवार

जपाला बसलो, माळ अर्ध्यावर थांबली. आबांचा चेहरा समोर येतो आणि नमस्काराऐवजी तोंडात शिवी येते. पितरांच्या दिवसांत. त्यांनी पट्टी घेतली ते एक. पण कष्टाळू माणूस, पाच तोंडं खायला, समजू शकतो. देवाला कामाला लावलं ते दुसरं. आणि ते ओझं उचलायला मला लावलं.

दर शनिवारी मी तिथं पाणी घालतो. चाळीस वर्षं. पाणी कुणाला घालत होतो?

सौ.ला सांगितलं. तिनं आधी माळ उचलून खुंटीला लावली. मग, "त्यांच्या नावानं रविवारी पान वाढायचंय. रागात वाढू नका." आणि थोड्या वेळानं, "नोंदीचं काय?"

चार दिवस राहिले. जुन्यावर होत नाही. नवा पंधरवड्यात आणायचा नाही. एकच दार उरलं, आणि तेच आता ठोठावता येत नाही. आधी मानापायी येत नव्हतं.

१४ सप्टें., रविवार. अष्टमी

आज आबांचं पितर. सकाळी रानात भेंडी, गवार आणायला गेलो. बांधापलीकडं अंकुश, हातात फोन. कुणाची तरी नोंद उरकून उभा होता. मी खाली मान घालून तोडत राहिलो.

तोच बोलला. फोनकडं बघत. "यादीत तुझं नाव दिसंना. ऱ्हायली न्हवं नोंद?"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य. यादीत माझं नाव शोधत होता म्हणजे.

"ऱ्हायली."

"उद्या शेवटची."

"ठाऊक हाय."

"मग काय मुहूर्त बघतो का? नंबर सांग गटाचा."

बांध ओलांडून पट्टीत आला. म्हसोबापाशी चपला काढल्या, तात्या काढायचे तशाच, एकावर एक. फोन उघडला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. निळा ठिपका, गट १३२. ह्या माणसानं अर्ध्या गावाची नोंद केली, स्वतःची इथंच उभं राहून केली असणार. हा ठिपका तो आज पहिल्यांदा बघत नव्हता.

त्यानं फोन खिशात घातला. "हितनं नगं," म्हणाला. "हितनं तुझा गट उचलत न्हाई. मधल्या रानात चल."

एवढंच. आवाजात काही नाही. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सहा वर्षांचा सगळा राग कुठं ठेवायचा ते कळेना.

'माहिती सत्य आहे' म्हणणाऱ्या त्या चौकोनावर आज बोट टेकवायचं ते त्याच्या हातून. टेकवू देईना मन. म्हटलं, "आज आबांचं पितर. आधी जेवायला ये. फोनबी घेऊन ये. नोंद मग करू."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच. "तुझ्या मंडळीला इचारलं का? न्हाईतर भाजी कमी पडंल."

"पडू दे."

"येतो."

घरी आलो. पान मांडलंय. सौ. म्हणते, पंधरवडा सरल्यावर घ्या एखादा फोन, एवढं काय. बघू. खिसा चाचपला, पुडी जुन्या फोनच्या मागं आहे.

आबांच्या पानावर वाढून झालं. त्यांच्याशेजारी अंकुशचा पाट. तिसरीतलं ते एक वाक्य चाळीस वर्षांनी फिरवायचंय, फक्त एका शब्दानं. पान्यानं नव्हे, आम्ही.

दारात चपला वाजल्या. आधी वाढायचं की आधी सांगायचं, हे अजून ठरलं नाही.