परवडणारी चकमकीची बंदूक

प्रिय लूथर,

तुझा निरोप मार्लीनने फोनवर सांगितला. नाताळ झाल्यावर आपण डोंगरावरच्या कॅम्पात शिकारीला जातो, तिथे यंदा तू येणार नाहीस आणि तुझी खाट दुसऱ्या कुणाला द्यावी, असं तुझं म्हणणं. तुझं घोरणं इतकी वर्षं तिथे मुरलेलं आहे, ती खाट फुकट दिली तरी कुणी घेईलसं वाटत नाही. तरी विचारून बघतो. डोळ्याचं तर मला ठाऊकच आहे. उजव्या डोळ्याची शीर बंद पडली, दिसेनासं झालं, डॉक्टरांनी हात टेकले. बायको म्हणून मार्लीनला तू हेच कारण सांगितलंस आणि तिने ते मानलं. मी थोरला भाऊ आहे. मी अजून मानलेलं नाही.

इकडची खबर म्हणशील तर तुझ्या वहिनीचा, व्हर्नाचा, गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतोय, पण तिने तशातच अंगणात कढई मांडून सफरचंदांचा मुरंबा घोटला. तुझ्या वाट्याच्या बरण्या बाजूला ठेवल्या आहेत. दुसरी खबर अशी, की मी बंदूक घेतली. व्हर्नाच्या मते घरात एक ठासणीची बंदूक असताना या वयात दुसरी घेणं म्हणजे म्हातारचळ. मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून मी आजवर काहीच कमावलेलं नाही.

आधी हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता भला माणूस, पण बाहेरच्या राज्यातून आलेला. त्याने हौसेने सगळ्यात स्वस्त बंदूक पुढे केली. दस्ता प्लास्टिकचा, वर दुर्बीण, आणि बार पेटवणारी आतली टोपी अशी झाकलेली की भर पावसातही बार उडावा. मी म्हटलं, आमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या शिकारीला कायद्याने चकमकीशिवाय काही चालत नाही. टोपी नाही, दुर्बीण नाही, गारगोटी पोलादावर आपटायची आणि ठिणगी वाटीतल्या दारूत, रंजकीत, पडली तर देवाची कृपा. त्यावर तो म्हणाला, मग नाताळाच्या आधीच जा ना काका, थंडीही कमी असते. आता याला काय सांगायचं? चकमकीची एकच बंदूक त्याच्याकडे होती. किंमत बरी होती, पण चाप ओढला की ठिणगी अशी पडायची जणू तिच्यावर उपकारच चाललेत.

मग गॅल्विनकडे गेलो. तो अजूनही धान्याच्या जुन्या कोठारात बंदुका घडवतो. त्याच्या मेपलच्या दस्त्यांवरून हात फिरवला की परत ठेववत नाही, आणि किंमत ऐकली की हात आपोआप मागे येतो. माझ्या ऐपतीची गोष्ट ऐकून तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, लाकडात काटकसर कर, नक्षीत कर, पण नळीत आणि ठिणगीत करू नकोस. दस्ता कुरूप असला तरी हरणाला दिसत नाही. किमतीखेरीज माझी आणखी एक अट होती. ती ऐकून मात्र त्याने डोकं खाजवलं. तशी नवी घडवायची तर दोन वर्षं थांब म्हणाला, आणि जुनी हवी असेल तर नदीपलीकडे इडेला बोवरला भेट.

इडेलाबाईचा नवरा अर्विन शाळेची बस चालवायचा, तुला आठवत असेल. गेल्या वर्षी वारला. त्याने सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने बंदूक जुळवली होती. दस्ता असा तासलाय की कुऱ्हाडीचा दांडा बरा. पण नळीतून तेलाचं फडकं फिरवलं तर चकचकीत, गंजाचा ठिपका नाही, आणि घोडा सोडला की ठिणग्यांचा झुपका पडतो. बाईने मला स्वयंपाकघरात बसवलं, बीटच्या रसात मुरवलेली अंडी पुढे ठेवली आणि माझी उलटतपासणी घेतली. भिंतीवर टांगायला नेत असाल तर दार तिकडे आहे म्हणाली. मी म्हटलं, शिकारीलाच जाईल. मग तिने किंमत माझ्या खिशाला झेपेल इतकी उतरवली आणि वर अट घातली, की पहिल्या हरणाचं मांस तिच्या घरी पोचलं पाहिजे. मी शब्द देऊन आलो.

आता गेल्या वर्षाचं बोलतो. बोलू नये असं आपण दोघांनी न ठरवता ठरवलेलं आहे, पण समोरासमोर मला ते जमणार नाही, म्हणून कागदावर. तू उजव्या हाताची बंदूक डाव्या खांद्याला लावलीस. दुसरा इलाज नव्हता, दिसतं त्याच डोळ्याने नेम धरणार ना. रंजक पेटली ती थेट तोंडासमोर. भुवई होरपळली, मान हलली, आणि ओढ्याकाठी उभी हरिणी आपल्या वाटेने निघून गेली. यात लाज कसली? तिथे कोण चुकलं नाही? नेम चुकला की सदऱ्याचं मागचं टोक कापायचं आणि नाव लिहून कॅम्पाच्या भिंतीला ठोकायचं, हा बापाच्या वेळचा रिवाज. माझीच अर्धी भिंत आहे. त्या संध्याकाळी कॅम्पातला आपला हार्वे कात्री घेऊन उठला, तुझ्या डोळ्याकडे बघितलं आणि कात्री परत खिळ्याला अडकवली. मग सगळे एकदम वाऱ्याबद्दल बोलायला लागलो. तू पाठ करून उभा होतास, सदरा विजारीबाहेर काढून. तो तू हळूच आत खोचलास. सकाळी न्याहारीच्या बकव्हीट पिठाच्या धिरड्यांनाही थांबला नाहीस, आणि घरी जाऊन बंदूक जावयाला देऊन टाकलीस.

हार्वेला मी परवा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याला आण. चुकला तर कॉलरपर्यंत कापतो." माणसाने जन्मात एवढी चांगली गोष्ट दुसरी बोललेली नाही.

आणि माझी ती अट. अर्विन बोवर डावखुरा होता. बंदुकीचा घोडा, रंजकीची वाटी, सगळं डाव्या बाजूला आहे. डाव्या खांद्याला लावली की भडका तोंडापासून पलीकडे उडतो. मी ती उडवून बघितली. माझ्या उजव्या खांद्यावर ती बसेना, आणि डाव्या खांद्याने माझा नेम कोठाराच्या दारालाही लागला नाही. कॅम्पात बाकी कुणाच्याही ती कामाची नाही. तुझ्यासाठीच घेतली आहे, लूथर. मांसाचा शब्दही तुझ्याच जिवावर दिलाय. तू माझ्याकडे या जन्मात काही मागितलं नाहीस, मीच मागतो. पहाटे त्या ओढ्याकाठी बसलो की पलीकडच्या झाडाखाली तू खोकतोस, ते ऐकायची मला सवय आहे. गेल्या वर्षी तू निघून गेलास आणि मी उरलेले दिवस तिथे बसलो ते नुसता गारठत. तू येणार नसशील तर मीही जाणार नाही. शनिवारी बंदूक घेऊन तुझ्याकडे येतो. मार्लीनला सांग, जेवायला आहे.

तुझाच थोरला,
विल्मर