जुन्या पिकअपला नवे पाय

८ जानेवारी, संध्याकाळ

किळस आली. आधी हे लिहून टाकतो, मग हात धुतो.

तीन मजली केक निघाला, दोन मजली पोचला. वरचा मजला पिकअपच्या मागच्या काचेवर. क्रीम, स्ट्रॉबेरीचं काहीतरी लाल, आणि साखरेची अक्षरं. 'हार्दिक'मधला 'हा' अजून काचेला चिकटून आहे. शी!

बँकेतल्या कुणा बाईंचा निरोप समारंभ होता. सौ. ऑर्डरचे केक करते; या केकसाठी आदल्या दिवसापासून खपत होती. दोष सर्वस्वी स्पीडब्रेकरचा. गाडी जुनी आहे, आदळते, हे मान्य. पण जुनी म्हणजे मुरलेली. हल्लीच्या गाड्यांना काय, पत्रा आणि माज.

घरी आल्यावर सौ. एवढंच म्हणाली, गाडीचं काहीतरी करा, नाहीतर मी माझं काहीतरी करते. मी म्हणालो, करतो. आवाजात जरब होती. निदान मला तरी जाणवली.

९ जानेवारी

मेहुणा आला. सौ.चा धाकटा भाऊ. नवी पिकअप घेतल्यापासून त्याला बहिणीची फार आठवण येते. कंपनी तीच, मॉडेलचं नाव तेच. फक्त त्याची आत्ताची आणि माझी तेव्हाची. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवून त्याने कॉलनीला चक्कर मारली. थेंब सांडला नाही. सौ.ने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी या घरात टाळी वाजल्याचं स्मरत नाही. असल्या प्रदर्शनाची शिसारी येते. ग्लासही आमचाच होता.

म्हणाला, दाजी, केक पोचवायला माझी गाडी नेत जा की, सुट्टीला पडूनच असते. मी म्हणालो, आमचं आम्ही बघू. पोरगा गोड बोलतो, तीच तर त्याची मखलाशी.

तो निघताना माझी चप्पल पायाने त्याच्या गाडीखाली सरकवली आणि ती काढायच्या मिषाने खाली शिरलो. रहस्य वगैरे काही नाही. लोखंडी पट्ट्यांचे तेच कमानदार पाटे, तेच शॉकअप. फक्त स्वच्छ. तिथेच, पोटावर पडल्या पडल्या सुचलं: नव्या मॉडेलचे कंपनीचे ओरिजिनल पार्ट आणायचे आणि जुन्या गाडीला लावायचे. एकाच आईची लेकरं. धाकट्याचा शर्ट थोरल्याला बसतोच.

(बसतो का? बसतो.)

१३ जानेवारी, ऑफिसात

व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस शिट्टी वाजवत हेच काम करतो. त्याचा शर्ट शेवटपर्यंत पांढरा. जुने बोल्ट काढा, नवे पाटे ठेवा, तेच बोल्ट लावा. बस्स.

रविवारचा बेत: नाश्त्यानंतर सुरुवात, जेवायच्या आत समाप्त. दुपारी मेहुण्याला सहज म्हणून बोलवायचं. पाण्याचा ग्लास तयार ठेवायचा. यावेळी मोठा.

शेजारच्या टेबलवरचे गृहस्थ म्हणाले, गॅरेजमध्ये का नाही टाकत? मी नुसता हसलो. परावलंबी लोकांचा मला तिटकारा आहे.

१५ जानेवारी

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. जागा आहे की नरक? पायाखाली काळं तेल, त्यात भिजलेली पोती, आणि मला हव्या त्या पाट्यावर एक खरजुलं कुत्रं झोपलेलं. ते उठेना. भंगारवाल्याने त्याच हाताने कुत्र्याला हुसकलं, त्याच हाताने मला चहा दिला. प्यायलो. त्याची आठवण अजून पोटात आहे.

पण माल अस्सल. नव्या मॉडेलची ठोकलेली गाडी. पुढचा भाग चेपलेला, मागचे पाटे आणि शॉकअप शाबूत. भंगारवाल्याने विचारलं, ही जड मालवाली गाडी आहे, तुम्हाला तीच पाहिजे ना? मी म्हणालो, अर्थात. जड म्हणजे दणकट. त्याला काय शिकवायचं!

पार्ट स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेत. बाहेर चोरीला गेले असते.

१६ जानेवारी

सौ. कडाडली. फ्रिजच्या हँडलला ग्रीस, ओट्याला ग्रीस, मैद्याच्या डब्याच्या झाकणावर माझा पूर्ण पंजा. आजचा केक गिऱ्हाइकाने वास घेऊन परत पाठवला. गॅरेजचा वास येतो म्हणे. लोकांची नाकं फार लाडावलीत.

पार्ट बाल्कनीत हलवले. हलवताना पडद्याला लागले. पडद्याचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

सकाळ: उत्साह. जुना शर्ट, नवा पाना. गाडी जॅकवर घेतली.

दुपार: एक बोल्ट. फिरत नाही. स्प्रे मारला, पान्याला पाइप जोडून लोंबकळलो. गंज डोळ्यांत, तोंडात, कानात. चॅसीच्या बेचक्यात उंदराचं घरटं निघालं, त्यात मालकही होता, बऱ्याच दिवसांपूर्वी वारलेला. तो माझ्या छातीवर पडला. पुढचं लिहवत नाही.

संध्याकाळ: बोल्ट तुटला. म्हणजे एका अर्थी निघाला.

खालच्या मजल्यावरचे काका दिवसभर खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, आमच्या वेळी माणसं गाडीत बसायची, तुम्ही खाली झोपता. उत्तर दिलं नाही. तोंडात गंज होता.

मेहुण्याला बोलावलं नाही.

२५ जानेवारी

जुने पाटे निघाले! गॅस कटरवाला आणावा लागला, पण तो फक्त हातभार. आता नवे लावायचे की झालं.

२६ जानेवारी

नवे पाटे चार बोटं लांब आहेत.

कंपनीचा हा निव्वळ हलकटपणा. नाव तेच ठेवायचं आणि माप बदलायचं! मापं घेऊन गेला होतात का, असं सौ.ने विचारलं. मी म्हणालो, विश्वास नावाची काही चीज असते.

गाडी विटांवर. गल्ली अर्धी बंद. दुधाची गाडी आत येत नाही, त्यामुळे लोक बघतात. बघोत.

आज वाढदिवसाचा केक होता. मेहुणा येऊन बहिणीला आणि केकला घेऊन गेला. दोघं हसत परत आली. केक जसाच्या तसा पोचला म्हणे. मी गाडीखालून ऐकलं. तुलनेसाठी अशी एक फेरी हवीच होती, त्या दृष्टीने आजचा दिवस उपयोगी.

२ फेब्रुवारी

मिस्त्री धरून आणला. मदतीला नाही, माझ्या देखरेखीखाली. माणूस बरा, पण गुटखा खातो आणि माझ्याच टायरवर थुंकतो. मी म्हणेन त्याला 'होऊन जाईल साहेब' म्हणतो. इतका समजूतदार माणूस पहिल्यांदा भेटला. पाट्याची पकड कापून मागे सरकवून वेल्डिंग करता येईल का, मी विचारलं. होऊन जाईल साहेब. पक्कं राहील का? होऊन जाईल साहेब. अजून किती वेळ लागेल? त्यालाही तेच.

९ फेब्रुवारी

झालं!! बसले!!

गाडी आता मागून उंच दिसते. सौ. म्हणाली, शेपटी उडवून पळणाऱ्या कालवडीसारखी दिसते. हेडलाइट नाकासमोरचं डांबर दाखवतात. याला स्पोर्टी लुक म्हणतात, पण घरात कुणाला वाचनाची आवड नाही.

ट्रायल: गल्लीच्या तोंडापर्यंत. दात एकमेकांवर आपटले. जीभ चावली. ग्लासातलं पाणी माझ्या मांडीवर, मग ग्लासही.

जुनी गाडी आदळायची. ही फेकते. पण सफाईने फेकते.

१० फेब्रुवारी

कारण सापडलं. पाटे जड मालाचे आहेत. ओझं असल्याशिवाय ते दबतच नाहीत. म्हणजे गाडीत दोष नाही, ओझ्यात कमतरता आहे! वाळूची पोती मागवली. मागे गच्च भरली. आणि काय सांगू, गाडी मांजरीसारखी चालली. अर्धा ग्लास पाणी टिकलं. खालच्या काकांना मुद्दाम हॉर्न वाजवून दाखवलं.

सौ.ने विचारलं, आता केक कुठे ठेवायचा? काही माणसांना यश पाहवत नाही. वाळूवर फळी टाकायची, फळीवर केक. साधी गोष्ट.

२० फेब्रुवारी

सौ.ला आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर. एका शाळेला पन्नास वर्षं झाली, त्या शाळेच्या इमारतीचाच केक. खिडक्या, जिना, वर घंटेचा मनोरा. हा नीट पार पडला तर शाळेचे सगळे कार्यक्रम हिच्याकडे. तीन दिवस घरात कुणाला मोठ्याने शिंकायची परवानगी नाही.

मेहुणा गाडी घेऊन परगावी गेलाय. सौ.ने फोन करून पाहिला. मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. मग माझ्याकडे आली. म्हणाली, नेऊ शकाल का नीट? खरं सांगा. डोळे जागरणाने लाल होते.

मी म्हणालो, डोळे मिटून बस. दुसरं कुणी असतं तर या अविश्वासाने दुखावलं असतं. मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

२२ फेब्रुवारी, दुपार. शाळेच्या मागच्या पायरीवर बसून लिहितोय.

सगळं नीट लिहायला हवं.

निघालो तेव्हा केक फळीवर, आणि सौ. मागेच, वाळूवर बसून, मनोऱ्याला दोन्ही हातांचा आडोसा करून, केकसकट चादरीखाली. गाडी काय चालली! स्पीडब्रेकर आला आणि गेला, कळलंदेखील नाही. मी मागची छोटी सरकती काच उघडून तिला समजावत होतो: पाटा कसा दबतो, शॉकअप कसा उसळी मारू देत नाही, मेहुण्याच्या गाडीत आणि आपल्या गाडीत आता फरक काय. मोठ्या चौकातल्या सिग्नलला तिने केबिनच्या पत्र्यावर टकटक केलं. मी ते दाद समजलो. पुढे आणखी खुलून बोललो.

शाळेच्या फाटकाशी वॉचमनने विचारलं, काय आहे? मी उतरून म्हणालो, तुमची शाळा! आणि चादर ओढली.

वाळू. फळी.

बायको नाही.

मी फळीखाली बघितलं. माणूस असल्या वेळी काय करेल सांगता येत नाही. कुठल्या खड्ड्यात पडली? मी बोलत होतो तेव्हा? गाडी वळवून त्याच रस्त्याने मागे गेलो, अगदी हळू, प्रत्येक कडेला बघत. पानवाल्याला विचारलं, इथे कुणी बाई पडली का, हातात शाळा होती. तो हसला. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. चौकात उतरून रस्ता बघितला. क्रीमचा डागसुद्धा नव्हता. डाग असता तरी चाललं असतं, असं क्षणभर वाटलं. पुढे आणखी भलतंसलतं वाटलं, ते लिहीत नाही.

परत शाळेत आलो तर आत टाळ्या. हॉलच्या मधोमध केक, घंटेसकट. मुख्याध्यापिकाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होत्या. सौ.च्या केसांत वाळू होती, केकवर एक कण नाही.

मी विचारलं, कुठे होतीस?

म्हणाली, वाळू उडायला लागली म्हणून सिग्नलला उतरले, रिक्षा केली. टकटक केलं होतं. तुम्ही बोलत होतात, म्हणून मग त्रास दिला नाही.

मला बशीत केक दिला. पायरीच्या भागाचा. छान आहे. एका घासानंतर बशी बाजूला ठेवली.

२४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. नवे पाटे लावल्यापासून माझ्या गाडीत एकही केक पडलेला नाही. ही नोंद कुणालाही खोडता येणार नाही.

२ मार्च

मेहुणा परत आला. आता दर शनिवार-रविवारी त्याची गाडी हिच्याकडे. शिवाय ती चालवायलाही शिकतेय. आज मैदानात स्वतः वळवली म्हणे. दोघं माझ्यासमोरच बोलत होती, मला वगळून नव्हे, पण मला विचारतही नव्हती. मी मधेच क्लचबद्दल एक महत्त्वाची सूचना केली. सौ. हो म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीचं पुढे काय, हेही ती विचारत नाही. मिस्त्रीच्या थुंकीचे डाग टायरवर तसेच आहेत. बघवत नाहीत. उद्या धुणार.

९ मार्च, सकाळ

टायर धुतले नाहीत. पण आज एक माणूस आला. पलीकडच्या गल्लीतला गवंडी. गाडीभोवती फिरला, मागे वाकून बघितलं, म्हणाला, द्यायची आहे का?

मी त्याला सगळं सांगितलं. कंपनीचे ओरिजिनल पाटे, नव्या मॉडेलचे. पकड मागे सरकवून वेल्डिंग. जड मालासाठी यासारखी गाडी नाही. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला. विकावी की न विकावी, मनाची नुसती घालमेल झाली. शेवटी म्हणालो, बघा, मला अजून विचार करावा लागेल.

तो म्हणाला, गाडी नको साहेब. वाळू.

सौ.ने वरच्या खिडकीतून सांगितलं, घेऊन जा. तो एकेक पोतं उतरवून घेऊन गेला. प्रत्येक पोत्याबरोबर गाडी मागून थोडी थोडी वर येत गेली. शेवटचं पोतं उचलायला त्याला जमेना, तेव्हा मीच दुसऱ्या बाजूने हात लावला.