कार्डावरची पाच बोटं

ठाणे, सोमवार, १९५२

गिरणीत एक यंत्र शिकलं की शिकवणारा, बहुधा जॉबर म्हणजे मुकादम, शिकाऊच्या कार्डावर त्या यंत्राच्या रकान्यात अंगठा उठवतो. आज भिकूमामा जॉबरनं माझ्या कार्डावर घाईत अख्खा तेलकट पंजाच टेकवला. पाच रकाने, पाच बोटं!

कारकून म्हणाला, "एका दिवसात पाच यंत्रं? शाब्बास रे! पक्का झालास. उद्या नव्या माणसाला तूच शिकव."

खरं सांगायला हवं होतं का? पण पक्का झालो असं गावी आईला कळवायचं होतं. कार्ड तसंच खिशात घातलं. मला येतं एकच यंत्र, तेही मामा शेजारी असले तर.

नवा माणूस पन्नाशीचा, वीस वर्षं माग चालवलेला. तरी नियमाला कार्ड हवंच. ती पाच बोटं परत बघितली नि ठरवलं. उद्या दरडावून म्हणायचं, "काका, चालवून दाखवा बघू, काय येतं ते!" आणि डोळे फाडून शिकायचं.

अंगठा कसला, कार्डावर पंजाच देईन त्यांना.